ब्रेकच्या टाकीवरचा हॉर्न

उदगीरात कुणालाही नुसतं 'ईश्वरप्पा ड्रायव्हर कुठं राहतात' म्हणून विचारलं तर माणूस डोकं खाजवत बसतो. 'हॉर्नवाले ईश्वरप्पा' म्हटलं की पानपट्टीवाला तोंडातला विडा सांभाळत हातानंच नळेगाव रस्त्याकडं दाखवतो. आडनाव राहिलं रेशनकार्डावर. गावानं हॉर्न चिकटवला तो कायमचा.

ईश्वरप्पाच्या बापाचं किराणा दुकान होतं. पोराला गल्ल्यावर बसवलं की त्याचं अर्धं ध्यान तराजूत आणि अर्धं रस्त्यावर. ट्रक गेला की हा उठून उंबऱ्यात. गिऱ्हाईक मागायचं तूरडाळ, हा बांधून द्यायचा हरभऱ्याची. शेवटी बापानंच हात जोडले आणि दुकान थोरल्याकडं दिलं. ईश्वरप्पा आधी ट्रकवर गेला, मग ट्रॅव्हल्सच्या मोठ्या गाडीवर. गाडी लातूरच्या एका मालकाची. रोज सकाळी उदगीरहून नांदेड, संध्याकाळी परत. लग्नसराईत वऱ्हाड. केस पांढरे झाले, पण स्टिअरिंगला हात लावण्याआधी त्याला विभूतीचं बोट लावायची रीत काही सुटली नाही.

केबिनमध्ये शेजारी कुणी बसलं की ईश्वरप्पा त्याला ब्रेक समजावून सांगायचा. समोरच्यानं विचारलेलं असो वा नसो. "लहान गाडीचा ब्रेक तेलावर चालतो, ह्या धुडाचा हवेवर," इथून सुरुवात. इंजिनाला एक कॉम्प्रेसर जोडलेला असतो. इंजिन फिरतं तोवर तो हवा दाबून दाबून गाडीच्या पोटाखालच्या टाक्यांत भरत राहतो. ड्रायव्हरनं ब्रेकवर पाय दिला की टाकीतली हवा पाइपांतून चाकांकडं धावते, तिथल्या रबरी पडद्याला रेटते, पडदा दांडा ढकलतो आणि दांड्यानं लायनर म्हणजे घासपट्ट्या चाकाच्या ड्रमवर दाबल्या जातात. पाय उचलला की ती हवा फुस्स करून बाहेर. गेली ती गेली, कॉम्प्रेसरनं नवी भरायची.

"आन् हवाच संपली तर? ब्रेक फेल?" नांदेडला गुरुद्वाऱ्याला निघालेला एखादा प्रवासी हमखास विचारायचा, आणि ईश्वरप्पा याच प्रश्नाची वाट बघत असायचा.

"पायातला ब्रेक जाईल. पण मागच्या चाकांत ही एवढी जाड स्प्रिंग हाय. तिचं काम एकच, चाक आवळून धरायचं. हवा तिला मागं रेटून ठिवती. हवा हाय तवर चाक मोकळं. हाताचा ब्रेक ओढला की तिची हवा फुस्स करून सुटती, चाक बांधलं. हवा उतरली की स्प्रिंग सुटली, मग हत्ती लावा न्हाईतर क्रेन लावा, गाडी जागची हलत न्हाई."

रोज पहाटे टाक्यांखालच्या कड्या ओढून तो आत साचलेलं पाणी काढायचा. मग इंजिन सुरू करून स्टिअरिंगपुढच्या घड्याळातला हवेचा काटा वर चढेपर्यंत शांत बसून राहायचा. मागून प्रवासी ओरडायचे, घड्याळं दाखवायचे. "हवा भरू द्या," एवढंच उत्तर. या बाबतीत त्याला कुणी नावं ठेवू शकत नव्हतं.

नावं ठेवायला जागा होती ती हॉर्नला.

हॉर्न त्यानं हैदराबादहून आणलेला. पितळी भोंग्यांची रांग, प्रत्येकाचा सूर वेगळा. बटणं दाबायची अशी काही लकब त्यानं कमावली होती की गाडी रस्त्यानं गाते आहे असं वाटायचं. शाळेतली पोरं कोपऱ्यावर उभी राहून हात हलवायची. लग्नघरं मालकाला फोन करून सांगायची, गाडी कोणतीबी द्या, ड्रायव्हर हॉर्नवालाच पाहिजे. आता अशा हॉर्नला हवा लागते, आणि दाबाची हवा गाडीत एकाच जागी असते. बसवणाऱ्यानं विचारलं, "कुठून घेऊ?" ईश्वरप्पा म्हणाला, "जिथं दम जास्ती हाय तिथून." मग त्या कारागिरानं सरळ ब्रेकच्या टाकीला भोक पाडून पाइप जोडला. आवाज असा भरदार निघाला की बसवणाऱ्यानं स्वतःच टाळी वाजवली.

नांदेडला गाडीच्या ब्रेकचं काम सुगत बघायचा. जिभेचा कडक, हाताचा साफ. पहिल्यांदा गाडीखाली शिरला तो तिथूनच ओरडला.

"अप्पा, हे कुण्या शहाण्यानं केलं?"

"का, काय झालं?"

"आवो, दरवाजा, हॉर्न असल्या वरकड कामाला हवेची वेगळी वाट दिलेली असती. ती रिकामी झाली तरी ब्रेकची हवा शाबूत राहती. तुम्ही तर ब्रेकच्याच तोंडचा घास काढून भोंग्याला दिलाय."

"एवढीशी तर हवा खातंय ते. कॉम्प्रेसर भरतोय की."

"हॉर्न न्हाईतर ब्रेक, एक काय ते धरा."

"वेगळ्या वाटेवर बसवला तर आवाज असाच यील?"

"एवढा न्हाई येणार."

"मग राहू दे."

दर खेपेला सुगत हेच बोलायचा आणि दर खेपेला ईश्वरप्पा 'पुढच्या टायमाला बघू' म्हणून चहा सांगायचा. खरं कारण त्यानं सुगतला कधी सांगितलं नाही. संध्याकाळी नळेगाव रस्त्याच्या कोपऱ्यावर आला की तो एक लांब सूर वाजवायचा. मग घराजवळच्या मोकळ्या मैदानात गाडी लावायची, टायरं बघायची, हातपाय धुवायचे आणि घरात पाय टाकावा तो सिद्धम्मा तव्यावरून फुगलेली भाकर काढत असायची. लग्न झाल्यापासून गार भाकर त्याच्या ताटात पडली नव्हती. 'माझा हॉर्न ऐकल्याबिगर आमची मंडळी तवा ठेवत न्हाई,' हे तो साऱ्या जगाला सांगत फिरायचा. सिद्धम्मा त्यावर काही बोलायची नाही. तशी ती कशावरच फार बोलायची नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात ईश्वरप्पाचा भाचा संगमेश याचं लग्न ठरलं. ईश्वरप्पाच्या धाकट्या बहिणीचा, नीलम्माचा हा एकुलता एक. मुलगी दीपमाला, इस्लापूरच्या शंकरप्पा दुकानदारांची. नीलम्मानं भावाला सांगूनच टाकलं, "अण्णा, मामाचा मान तुझाच आन् गाडीबी तुझीच. माझ्या लेकाची वरात साऱ्या तालुक्याला ऐकू गेली पाहिजे." शंकरप्पांनी फोनवर विचारलं, निघाल्यावर कळवता ना, आम्ही शिवेवर घ्यायला येतो. तर ईश्वरप्पा म्हणाला, "फोन कशाला, पाव्हणं? माझा हॉर्न ऐकला की बँड घेऊन निघा. तोवर खुशाल सावलीत बसा."

असं हे सगळं त्या हॉर्नवर येऊन ठेपलं.

लग्नाच्या दिवशी गाडी वेळेत निघाली. नांदेड गेलं, भोकर गेलं, हिमायतनगर मागं पडलं. ऊन चांगलंच तापलेलं. इस्लापूर आता आलंच म्हणताना रेल्वेचं फाटक लागलं, आणि ते बंद. ईश्वरप्पानं हाताचा ब्रेक ओढला आणि नेहमीच्या सवयीनं इंजिन बंद केलं. उभ्या गाडीत डिझेल जाळायचं त्याच्या जिवावर यायचं. नवरदेवाचे दोस्त खाली उतरले आणि रस्त्यावरच नाचायला लागले.

"मामा, होऊ द्या!"

मामांनी होऊ दिलं. एक धून झाली, दुसरी झाली, मग कुणी फर्माइशी करायला लागलं. पलीकडच्या टेम्पोतली माणसंसुद्धा उतरून ताल धरायला लागली. इंजिन बंद, म्हणजे कॉम्प्रेसर बंद. टाकीतली हवा भोंग्यांतून गाणी होऊन चाललेली. हवेचा काटा उतरत होता, आणि ईश्वरप्पाला तो दिसला नाही असं नाही. दिसला. पण भाचा बाशिंग सावरत समोर नाचतो आहे, बहीण खिडकीतून बघून डोळे पुसते आहे, अशा वेळी काट्याकडं कोण बघत बसतो? सुरू केली की भरेल, तो मनाशी म्हणाला.

सिद्धम्मा त्याच्या मागच्याच सीटवर होती. ती म्हणाली, "अवो, बास करा आता. काटा उतरून राहिला."

"तुला काय कळतंय त्यातलं," ईश्वरप्पा म्हणाला आणि आणखी एक सूर लावला.

रेल्वे धडधडत गेली. फाटक वर झालं. एकच धांदल उडाली. पोरं गाडीत घुसली, मागच्या गाड्यांनी कालवा सुरू केला. ईश्वरप्पानं इंजिन सुरू केलं. हवा कमी असल्याचा इशारा देणारा बझर कुईकुई करायला लागला. रोज पहाटे प्रवाशांना तिष्ठत ठेवणारा हा माणूस, पण आज मागचे शिव्या घालतायत, मुहूर्त डोक्यावर आलाय. काटा जरासा वर सरकला आणि त्यानं हाताचा ब्रेक सोडला. गाडी अडखळत हलली. फाटकात समोरून येणाऱ्या मोटारसायकली आडव्यातिडव्या घुसलेल्या. एकदा ब्रेक, दुसऱ्यांदा ब्रेक. दर वेळी फुस्स.

"अण्णा, फाटक उघडलं, एकदा दणक्यात होऊ दे!" नीलम्मा ओरडली.

त्यानं बटण दाबलं. हॉर्न वाजला, आणि बोट काढलं तरी वाजतच राहिला.

आतला खटका अडकला होता. भोंगे एका सुरात रडायला लागले. मग सूर खाली खाली यायला लागला, घोगरा झाला, कण्हायला लागला. पोरं आधी हसली. मग मागच्या चाकांत खाडकन आवाज झाला, गाडीला एक हिसका बसला आणि ती उभी राहिली. मागची चाकं बरोब्बर रुळांवर.

ईश्वरप्पानं काट्याकडं पाहिलं. जगाला सांगितलेली स्प्रिंग सुटली होती.

फाटकावर साक्षी नावाची तरुण बाई ड्युटीला होती. ती हिरवी-लाल झेंडी हातात घेऊन पळत आली. "काका, गाडी काढा! हिमायतनगरकडनं दुसरी रेल्वे येऊन राहिली!"

"हलत न्हाई, बाई!"

"मग आधी माणसं उतरवा! सगळी!" ती उलट पावली फोनकडं पळाली. फाटक लागल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही, तेव्हा येणारी रेल्वे अलीकडंच थांबणार होती. साक्षीला ते माहीत होतं. पण गाडीतल्या माणसांना ते कोण सांगणार? बाशिंग एकीकडं, नवरदेव एकीकडं. कुणाची चप्पल राहिली, कुणाचं पोर आधी खिडकीतून बाहेर आलं आणि आई मागून. नीलम्मा खाली उतरून छाती बडवत उभी. पाहता पाहता अख्खी गाडी रिकामी झाली.

भोंगा अजून कण्हत होता. इंजिन चालू होतं, पण कॉम्प्रेसर जेवढी हवा भरी तेवढी भोंगा खाऊन टाकी. ईश्वरप्पा वाकला, पायापाशी हात घालून हॉर्नचा पाइप शोधला, पक्कडीत धरून दुमडला. भोंगा बंद झाला. खांद्यावरच्या दस्तीनं बांधायला गेला तर पाइप निसटला. पुन्हा दुमडला, पुन्हा निसटला. आता ह्यानं पाइप धरावा की अॅक्सिलरेटर दाबावा? माणसाला दोनच हात, आणि घाम फुटलेल्या हातांना तर काहीच धरवत नव्हतं.

"सरका," मागून आवाज आला.

सिद्धम्मा उतरलीच नव्हती.

"तू अजून हितंच? आगं ए, उतर खाली! रेल्वे येऊन राहिली!"

"तुम्ही उतरून राहिलाव का?"

"मला गाडी काढायची हाय!"

"मग काढा की." ती त्याच्या पायाशी खाली बसली, लग्नाच्या इरकलीचा पदर हाताला गुंडाळला आणि दुमडलेला पाइप दोन्ही मुठींत आवळून धरला. "दाबा. जोरात दाबा."

ईश्वरप्पानं अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडायला लागलं. काटा तळाशी. त्याला वाटलं घड्याळच बिघडलं. खिडकीतून बाहेर रूळ दिसत होते, लांबवर चमकणारे, आणि लोक हातवारे करत होते. रोज 'हवा भरू द्या' म्हणणाऱ्याला जन्मात पहिल्यांदा हवा भरेपर्यंत धीर धरवत नव्हता.

"चढला का?" सिद्धम्मानं खालूनच विचारलं.

"न्हाई."

तिनं मूठ आणखी आवळली. हाताच्या शिरा वर आल्या.

"आता?"

काटा हलला. एक रेघ. मग दुसरी. "चढून राहिला. धरून ठेव, सिद्धम्मा. सोडू नको, आं?"

"सोडलं का कधी?"

कुईकुई थांबली. ईश्वरप्पानं गिअर टाकला आणि क्लच हळू सोडला. मागची चाकं जरा घासली, मग मोकळी झाली, आणि गाडी रूळ ओलांडून पलीकडच्या मातीत गेली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साक्षीनं फाटक लावलं, थोड्या वेळानं मालगाडी खडखडत निघून गेली. तिच्या ड्रायव्हरनं खाली वाकून ह्या वऱ्हाडाकडं पाहिलं. मग साक्षी ईश्वरप्पापाशी आली. "माझी पार पाचावर धारण बसवली तुम्ही. वर कळवावं लागंल मला."

"कळवा, बाई. चूक माझी हाय," ईश्वरप्पा म्हणाला.

त्यानं पाइपच कापून टाकला, टाकीकडचं टोक नीट दुमडून तारेनं बांधलं, काटा पूर्ण चढेपर्यंत वाट बघितली आणि मगच गाडी हलवली. मागून कुणी घाई केली नाही.

इस्लापूरच्या शिवेवर कुणीच नव्हतं. असणार कसं? शंकरप्पांची माणसं बँड घेऊन सावलीत हॉर्नची वाट बघत बसली होती. ह्या सगळ्या धुमाळीत फोन करायचं कुणाला सुचलंच नाही. वऱ्हाडाची गाडी मुक्यानं मांडवाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, तेव्हा मांडवात दोन आचारी आणि एक कुत्रं होतं. मग पळापळ, मग बँड, मग आरती. लग्न मुहूर्तावर लागलं. अंगावर अक्षता पडत असताना ईश्वरप्पा भाच्याच्या मागं मामाच्या जागी उभा होता, हात ग्रीसनं काळे म्हणून पाठीशी लपवून. नीलम्मा अक्षता टाकता टाकता पुटपुटली, "माझ्या लेकाची वरात मुकी नेलीस, अण्णा." सिद्धम्मा बायकांत बसली होती आणि तिच्या पदरावरही काळा डाग होता.

दोन दिवसांनी नांदेडला सुगतनं टाकीचं भोक बंद केलं. सगळं ऐकून घेतलं, तरी 'मी म्हणलो होतो' असं काही तो म्हणाला नाही, हे त्याच्या स्वभावाला धरून नव्हतं. हात पुसत म्हणाला, "अप्पा, भोंगे घेऊन आलाव तर वेगळ्या वाटेवर बसवून देतो. आवाज जरा बारीक यील, पण ब्रेकला धोका न्हाई."

ईश्वरप्पानं भोंगे पोत्यात गुंडाळून सीटमागं ठेवले होते. "बघू," म्हणाला. मनातून त्याला ते बसवायचे होते. गाव काय म्हणेल हे एक. आणि दुसरं म्हणजे संध्याकाळची भाकर. सकाळी निघताना तो सिद्धम्माला सांगून आला होता, "आता हॉर्न न्हाई. मी कोपऱ्यावर आलो की फोन लावत जाईन. तवा मगच ठेव." तिनं मान हलवली होती.

परतीच्या वाटेत फोनची बॅटरी संपली. कोपरा आला. अंगठा सवयीनं बटणावर गेला आणि तसाच मागं आला. पोरं उभी होती, त्यांनी हात हलवले, पण गाडी काहीच बोलली नाही म्हणून त्यांचे हात खाली आले. ईश्वरप्पाला लई वाईट वाटलं. मैदानात गाडी लावली, हाताचा ब्रेक ओढला, टायरं बघितली, पोतं खांद्यावर टाकून घराकडं निघाला. फोन नाही, म्हणजे तवा गारच आणि ताटात सकाळची गार भाकर, त्यानं मनाची तयारी केली.

दारात पाय टाकला तर सिद्धम्मा तव्यावरून फुगलेली भाकर काढत होती.

ईश्वरप्पा पोत्यासकट उभाच राहिला. "फोन तर लागला न्हाई. हॉर्नबी न्हाई. तुला कळलं कसं?"

"रोज कळतंय तसंच."

"रोज तर तू हॉर्न ऐकून—"

"मी कधी म्हणले तसं?" तिनं दुसरी भाकर थापायला घेतली. "हॉर्न वाजला म्हंजे गाडी अजून रस्त्यावरच हाय. त्याच्यावर मी आजवर तवा ठेवला न्हाई. तुम्ही गाडी लावून ब्रेक ओढताव, मैदानातून फुस्स करून हवा सुटती. ती ऐकली की कळतंय, चाकं बांधली. माणूस आला घरी."

इतकी वर्षं ईश्वरप्पा कोपऱ्यावर सूर लावत होता आणि इकडं ही कान देऊन त्याच्या थांबण्याची वाट बघत होती. त्यानं पोतं खाली ठेवलं. भोंगे आतल्या आत एकमेकांवर आपटले.

"हे कुठं ठेवू?" त्यानं विचारलं.

"ठेवा कुठंबी. हात धुवा आधी, भाकर गार व्हायली."